गॉथिक वॉलपेपर, शिसवी फर्निचर आणि 12 फुटांची भिंत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुंबईत चार दिवसांच्या प्रदर्शनात तुम्हाला 12 बाय 10 फुटांचा, तीन भिंतींचा स्टॉल मिळाला आहे. वडिलांच्या काळापासून जमलेला जुना ऐवज मांडायचा आहे: भिंतीलगत ठेवायचं नक्षीदार शिसवी टेबल, त्याच घाटाच्या दोन खुर्च्या, सोनेरी चौकटीचा बिलोरी आरसा, निळ्या-पांढऱ्या चिनी बरण्या, काचेच्या हंड्या, पितळी समया, रविवर्मा प्रेसची दोन चित्रं, लंबकाचं घड्याळ आणि पेटीभर बारीकसारीक वस्तू. सगळं मिळून 40 च्या आसपास. लंडनच्या ट्विकनममधलं स्ट्रॉबेरी हिल हाउस पाहिल्यापासून तसं काहीतरी करावं असं तुमच्या मनात आहे. तिन्ही भिंतींवर गॉथिक, म्हणजे जुन्या युरोपीय चर्चसारख्या टोकदार कमानींचा वॉलपेपर लावायचा आहे आणि विचारताय, की कुठला घेऊ.

मी संग्रहालयांसाठी आणि खासगी संग्रहांसाठी मांडणीचं काम करते. तुमची यादी वाचून पहिली शंका आली ती वॉलपेपरबद्दल नव्हती. शिसवी टेबलाचं कोरीवकाम, कमानींची नक्षी आणि 40 वस्तू, हे तिन्ही एकाच वेळी बघणाऱ्याची नजर मागणार आहेत. प्रदर्शनात माणूस स्टॉलसमोर जेमतेम थबकतो. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांना कुठे टेकायचं हे कळलं नाही, तर तो पुढे जातो. म्हणून भिंतीनं काय काम करायचं हे आधी ठरवू. ते ठरलं की कुठला वॉलपेपर हा प्रश्न बराचसा सुटतो.

काही गोष्टी मात्र इथे बसून मला सांगता येणार नाहीत. तुम्हाला तिथे वस्तू विकायच्या आहेत की दुकानाचं नाव लोकांपर्यंत पोचवायचं आहे, यावर मांडणी किती मोकळी ठेवायची ते ठरेल. आयोजक त्यांच्या ऑक्टोनॉर्मच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेल्या तयार पांढऱ्या भिंतींना काही चिकटवू देतात का, विजेचा किती भार मिळतो, आगीच्या नियमांत कुठलं साहित्य बसतं, हे त्यांच्याकडून लेखी विचारून घ्या. खाली लिहिते आहे ते भिंतींना हात लावता येणार नाही असं धरून. बहुतेक ठिकाणी तसंच असतं.

आता त्या घराकडे वळते. होरेस वॉलपोल या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखकानं 1747 मध्ये थेम्सच्या काठचं एक साधंसं घर आधी भाड्यानं आणि मग विकत घेतलं आणि पुढची तीसेक वर्षं ते वाढवत नेलं. त्याच्याजवळ पिढीजात गढी नव्हती, म्हणून त्यानं जुनेपण घडवलं. जिन्याच्या दालनातल्या भिंतीवरचं गॉथिक जाळीकाम आठवतंय ना तुम्हाला? लांबून ते दगडात कोरल्यासारखं दिसतं. तो रंगवलेला कागद होता. ती नक्षी घेतली होती वुस्टर कॅथीड्रलमधल्या राजपुत्र आर्थरच्या समाधीवरून. मोठ्या गॅलरीचं पंख्यासारखं उलगडणारं छत वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या सातव्या हेन्रीच्या चॅपेलवरून घेतलेलं आहे, आणि ते आहे कागदाच्या लगद्याचं. ग्रंथालयातल्या कपाटांच्या कमानी लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलवरून आल्या. ते कॅथीड्रल तर 1666 च्या आगीत गेलेलं होतं. वॉलपोल आणि त्याचे मित्र छापील पुस्तकांतली कोरीव चित्रं समोर ठेवून काम करत. आपली बांधकामंसुद्धा आपल्या लिखाणासारखी कागदाचीच आहेत, असं वॉलपोलनं स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय.

हे सगळं सांगते कारण तुमच्या कामाची गोष्ट यातच आहे. चार दिवसांच्या स्टॉलसाठी प्लाय आणि कागद वापरून दगडाचा आभास करायचा, यात त्या घराशी काही प्रतारणा होत नाही. ते घर असंच घडलं. पण वॉलपोलनं एखाद्या दुसऱ्या घराची खोली उचलून आपल्या घरात आणली नव्हती. ज्या इतिहासाशी त्याच्या वस्तूंचं नातं होतं, त्या इतिहासातल्या एका दगडी कामातून त्यानं एक नक्षी घेतली, तिचं माप बदललं, माध्यम बदललं आणि तिला भिंत केलं. तुम्ही स्ट्रॉबेरी हिलचा फोटो मोठा करून तीन भिंतींवर छापलात, तर त्या घराचं रूप येईल, रीत येणार नाही. आणि फोटोतल्या कमानींपुढे तुमचं टेबल नाटकाच्या पडद्यापुढे ठेवलेलं सामान वाटेल.

तर मग नक्षी कुठून घ्यायची? इथे तुमचं नशीब चांगलं आहे. तुमच्या शिसवी टेबलाचे फोटो पाहिले. दाट, आरपार जाळीचं कोरीवकाम, जवळजवळ काळं पॉलिश. हे एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या सुतारांचं काम वाटतं, ज्याला बाहेरच्या बाजारात बॉम्बे ब्लॅकवुड म्हणून ओळखतात. त्याच शतकात, त्याच शहरात, वॉलपोलच्या हौसेतून ज्या शैलीला पुन्हा जोर आला तीच गॉथिक शैली दगडात उभी राहत होती. राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. त्याचा आराखडा करणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. आज ज्याला आपण सीएसएमटी म्हणतो ते स्थानक 1888 मध्ये पुरं झालं आणि त्याच्या कोरीवकामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. तुमचं टेबल आणि त्या इमारती एकाच काळाच्या, एकाच गावच्या आहेत.

म्हणून माझा सल्ला असा, की वॉलपोल वुस्टरच्या समाधीकडे गेला, तसं तुम्ही फोर्टात जा. एखाद्या रविवारी सकाळी, गर्दी नसताना. रस्त्यावरून दिसणाऱ्या खिडक्यांच्या जाळ्या, कठडे, कमानींच्या पोटातली चार पाकळ्यांची नक्षी बघा. फोटो समोरून काढा, मान वर करून तिरका काढू नका, नाहीतर रेषा निमुळत्या होतात. त्यातली एकच नक्षी निवडा आणि एखाद्या ग्राफिक करणाऱ्या मुलामुलीकडून ती नव्यानं रेखाटून घ्या. यात हक्काचाही प्रश्न सुटतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या दगडी जाळीवर कुणाचा हक्क उरलेला नाही, पण बाजारातल्या वॉलपेपरच्या डिझाइनवर किंवा कुणी काढलेल्या फोटोवर असतो. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र छापायला देऊ नका.

रंगाबद्दल मी जरा हट्टी आहे. तुम्ही गडद हिरवा किंवा मरून म्हणताय. स्ट्रॉबेरी हिलच्या गॅलरीत किरमिजी दमास्क, म्हणजे नक्षी विणलेलं कापड आहे हे खरं, होल्बाइन चेंबर नावाच्या खोलीत जांभळी भिंत आहे हेही खरं. पण त्या भिंतींपुढे सोनेरी चौकटी आणि चित्रं होती. तुमची मुख्य वस्तू काळी आहे. गडद भिंतीपुढे शिसवीची जाळी गडप होते आणि नक्षीतली मोकळी भोकं, जी सुताराची खरी कारागिरी आहे, ती दिसेनाशी होतात. तुम्हाला जिन्याच्या दालनातला तो राखाडी, दगडी रंग हवा. मालाडच्या दगडाकडे झुकणारा, किंचित पिवळसर राखाडी चालेल. पिवळा मात्र फार वाढू देऊ नका, नाहीतर पितळी समया भिंतीत विरघळतील. निळ्या-पांढऱ्या बरण्या या रंगापुढे फार सुंदर दिसतात. नक्षीची रेघ आणि तिची जमीन, म्हणजे मागचा रंग, यांच्यात फरक थोडाच ठेवा, एक-दोन छटांचा. छापणारा म्हणेल, की काहीच उठून दिसत नाही. त्याला म्हणावं, बरोबर, टेबल उठून दिसायला हवंय.

नक्षीच्या मापाचा एक नियम मी नेहमी पाळते. नक्षीतला एक घटक भिंतीवरच्या सगळ्यात लहान वस्तूपेक्षा लहान असावा किंवा सगळ्यात मोठीपेक्षा कितीतरी मोठा. वस्तूच्या आकाराएवढा कधीच नसावा. तुमच्या चिनी बरणीच्या मागे बरणीएवढीच पाकळी आली, तर डोळा दोन्ही एकत्र वाचतो आणि बरणीचा घाट हरवतो. तुमच्या बाबतीत एक पाकळीफूल साधारण 7 ते 8 इंच, म्हणजे वीतभर, असावं असं मला वाटतं.

सावलीचंही सांगते, कारण छापील गॉथिक कागद नेमका इथे फसतो. जाळी दगडाची वाटावी म्हणून रेघेच्या एका बाजूला सावली रंगवतात. आता समजा छापील सावली उजवीकडे पडतेय, म्हणजे उजेड डावीकडून येतोय, आणि तुमचा दिवा लागलाय उजवीकडे. बघणाऱ्याला चूक सांगता येणार नाही, पण भिंत खोटी आहे हे त्याला जाणवेल. दिवे कुठल्या बाजूनं येणार हे आधी ठरवा आणि मग ग्राफिकवाल्याला सावलीची बाजू सांगा. ठरवता येत नसेल, तर सावली न घेता नुसती रेघ घ्या.

पूर्ण ऑर्डर द्यायच्या आधी तीन फूट रुंद, पूर्ण उंचीचा एक तुकडा छापून घ्या. तो दुकानाच्या भिंतीला टाचा, त्यापुढे खरंखुरं टेबल ठेवा, टेबलावर एक बरणी ठेवा. दहा फुटांवर उभं राहून डोळे बारीक करून बघा. मग मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा. रंग काढून घेतला, की कोण कुणाला झाकतंय ते लख्ख दिसतं. टेबलाची कड सुटी, स्पष्ट दिसली पाहिजे. नाही दिसली तर जमीन आणखी उजळ करा. बाकी सगळी घाई चालेल, पण ही पायरी गाळू नका.

आता हिशेब. तिन्ही भिंतींना कागद लावू नका, फक्त मागच्या भिंतीला लावा. त्या घराचा परिणामही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना होणाऱ्या फरकातून येतो. आधी जिन्याचा अंधूक, दगडी उदासपणा आणि मग 56 फुटी गॅलरीचा सोन्या-किरमिजाचा झगमगाट. सगळीकडे सारखंच असतं, तर कुठलंच लक्षात राहिलं नसतं.

वॉलपेपरचा नेहमीचा रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि 10.05 मीटर लांब येतो, दुकानदार त्याला 57 स्क्वेअर फुटांचा रोल म्हणतात. मागची भिंत 12 बाय 8, म्हणजे 96 स्क्वेअर फूट. दोन रोल पुरतील असं वाटतं. पण भिंत स्क्वेअर फुटांनी भरत नाही, उभ्या पट्ट्यांनी भरते. 12 फूट म्हणजे 366 सेंटिमीटर, त्याला 53 नं भागलं की सात पट्टे लागतात. 8 फूट उंची म्हणजे 244 सेंटिमीटर, वर-खाली कापायला पाच-पाच धरा, 254 झाले. नक्षी 64 सेंटिमीटरला पुन्हा येत असेल, तर जोड जुळवायला प्रत्येक पट्टा 256 चा धरावा लागतो. एका रोलमधून असे तीनच पट्टे निघतात, चौथ्याला थोडक्यात कागद कमी पडतो. म्हणजे सात पट्ट्यांना तीन रोल, आणि तिसऱ्यातला फक्त एक पट्टा कामाचा.

यावर मी असं करते. 106 सेंटिमीटर रुंदीचे तीन सुटे फलक करून घ्यायचे. 106 का, तर त्यावर दोन पट्टे न कापता तंतोतंत बसतात. तीन फलकांचे झाले 318. उरले 48 सेंटिमीटर, ते दोन्ही टोकांना 24-24 चे साधे, दगडी रंगाचे खांब म्हणून वाटून द्यायचे. सहा पट्टे, दोन रोल, आणि शिवाय खांबांमुळे मागच्या भिंतीला चौकट मिळते. आयोजक 12 फूट म्हणतात, पण ॲल्युमिनियमच्या खांबांमुळे आतलं माप बहुधा थोडं कमी भरतं. तो फरकही आपल्या या दगडी रंगाच्या खांबांत जिरतो, नक्षीला धक्का लागत नाही. एक जादा रोल मात्र घ्याच आणि तिन्हींवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघा. बॅच बदलली की राखाडीची छटा बदलते. तुम्ही स्वतःची नक्षी छापून घेणार असाल, तर छापणाऱ्यालाही पट्ट्याचं माप 53 च सांगा, म्हणजे हा हिशेब बदलायला नको.

फलकासाठी 12 मिलिमीटरचा प्लाय, मागे 2 बाय 1 इंच लाकडी पट्ट्यांची चौकट. आरसा आणि घड्याळ जिथे टांगणार, बरोबर तिथे मागून आडवी पट्टी ठोकून घ्या आणि वजन तिच्यावर घ्या. बिलोरी आरसा जड असतो, नुसत्या प्लायला मारलेल्या खिळ्यावर त्याचा भरवसा नाही. प्लायला आधी प्रायमरचा एक हात द्या, तो नीट वाळू द्या, मग खळ लावा. नॉनवोव्हन जातीचा कागद घ्या. त्याला खळ फलकावर लावतात, कागदावर नाही, आणि तो ओला होऊन फारसा ताणला जात नाही. काम कारखान्यातच पुरं करा. मुंबईच्या दमट हवेत आणि रात्री एसी बंद होणाऱ्या हॉलमध्ये ऐन वेळी लावलेल्या कागदाचे जोड सकाळी उघडलेले दिसतात. दोन दिवस आधी चिकटवून, फलक उभे ठेवून वाळवले की तो धोका टळतो. वर-खाली उरलेला कागद फलकाच्या कडेवरून मागे दुमडून घ्या आणि उभ्या कडा नक्षीच्या रेघेच्या रंगानं रंगवून घ्या. दोन फलक शेजारी लागले की मधली फट मग नक्षीचीच एक उभी रेघ वाटते. फलक मागून तिरक्या टेकूंवर उभे करा आणि टेकूंवर वाळूच्या पिशव्या ठेवा. आगीच्या नियमांसाठी कागद आणि प्लाय दोन्हींची बिलं आणि माहितीपत्रं जवळ असू द्या.

इथपर्यंत म्हणजे: एकच भिंत कागदाची, नक्षी मुंबईच्या गॉथिकमधली, रंग दगडी आणि मवाळ, फलक सुटे. आता वस्तूंकडे येते.

40 वस्तू एकदम मांडू नका. स्ट्रॉबेरी हिल गच्च भरलेलं होतं असं तुम्ही लिहिलंय, आणि ते खरं आहे. 1842 मध्ये तिथला ऐवज लिलावात निघाला तो 24 दिवस चालला. पण वॉलपोलनं गर्दीला जागा ठरवून दिली होती. अगदी मौल्यवान, बारीक वस्तू त्यानं ट्रिब्यून नावाच्या छोट्या दालनात ठेवल्या होत्या आणि पाहुण्यांना त्या दारातल्या जाळीतून बघाव्या लागत. त्याच्याकडे दिवसाला फक्त चार पाहुण्यांचा एक गट तिकिटावर आत येई. तुमच्या स्टॉलमध्ये दिवसाला शेकडो लोक येतील. म्हणून गर्दी एकाच कोपऱ्यात करा आणि बाकी जागा मोकळी ठेवा.

मी असं मांडेन. मागच्या भिंतीच्या मध्यावर शिसवी टेबल, त्याच्या वर टांगलेला बिलोरी आरसा, टेबलावर दोन बरण्या, बाजूला एक हंडी. बस. आरशात समोरच्या स्टॉलचा फ्लेक्स बोर्ड दिसत नाही ना, ते जागेवर तपासा. दिसत असेल तर आरसा वरून अगदी थोडा पुढे झुकवा. डावी भिंत कागदाशिवाय, गडद करड्या रंगाच्या तशाच सुट्या फलकांची. तिथे उजेड कमी आणि एकच काचेचं कपाट. पेटीतल्या बारीक वस्तू सगळ्या त्यात, हव्या तेवढ्या दाटीवाटीनं. हा तुमचा ट्रिब्यून. उजवी भिंतही सुट्या फलकांची, फिक्या दगडी रंगाची, तिथे खुर्च्या, घड्याळ आणि रविवर्मा प्रेसची चित्रं. चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण 58 इंचांवर येऊ द्या. बाकीच्या वस्तू मागे पेट्यांत ठेवा आणि रोज सकाळी दोन-तीन बदला. कपाटातून काहीतरी काढून गिऱ्हाइकाच्या हातात देण्यात जी मजा आहे, ती सगळं उघड्यावर मांडून मिळत नाही.

समया आणि देवादिकांची चित्रं गुडघ्याच्या उंचीखाली ठेवू नका. आपल्याकडच्या माणसाला ते खटकतं, आणि मला स्वतःलाही खटकतं. समई मागच्या गॉथिक भिंतीपुढे ठेवू की नको, असं तुम्ही विचारलंय. ठेवा. मुंबईतल्या कितीतरी जुन्या घरांत बिलोरी आरसा, विलायती घड्याळ आणि समई एकाच दिवाणखान्यात होती. फक्त समईला टेबलाच्या ओळीत बसवू नका. तिला खांबाजवळ, साध्या रंगापुढे स्वतंत्र उभी करा. तिचा निमुळता घाट तिथेच खुलेल.

दिव्यांसाठी आयोजकांच्या पांढऱ्या फ्लडलाइटवर विसंबू नका, शक्य असेल तर ते बंद करायला सांगा. 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) 90 च्या वरचे एलईडी स्पॉट घ्या. हॅलोजन नको, जुन्या पॉलिशला आणि कागदाला त्याची उष्णता सोसत नाही. पितळ, काच आणि चिनी मातीला भरपूर उजेड चालतो, 300 लक्सपर्यंत द्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). शिसवीला 200 पुरे. रविवर्मा प्रेसची चित्रं मात्र कागदावरची आहेत, त्यांना 50 लक्सच्या वर नको. मोबाइलवरच्या लक्समीटरनं अंदाजे मोजता येतं, तेवढं पुरेसं आहे. डावीकडचा कोपरा अंधूक आणि मागची भिंत उजळ, हा फरक मुद्दाम राखा. शिसवीच्या जाळीवर स्पॉट समोरून मारू नका. बाजूनं, तिरका टाका, म्हणजे कोरीवकामाच्या पोटात खरी सावली पडते. आणि कागदावरची छापील सावली याच दिशेची हवी, हे वर म्हटलंच.

वस्तूंच्या पाट्यांबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण त्या घरातली ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. वॉलपोलकडे आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्सी याची म्हणून सांगितली जाणारी टोपी होती, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला ज्योतिषी डॉक्टर जॉन डी ज्यातून आत्म्यांशी बोलत असे म्हणतात तो काळा आरसा होता. त्याची लाडकी मांजर सोनमाशांच्या एका चिनी कुंडीत बुडून मेली, तेव्हा त्या मांजरीवर कवी टॉमस ग्रेनं कविता केली. वॉलपोलनं ती कुंडी जपली आणि कवितेच्या ओळी तिच्या पाटीवर लिहिल्या. त्याच्या मते वस्तूची किंमत तिच्या मागच्या माणसांत होती. त्यानं घरातल्या एकूण एक वस्तूची यादी 1774 मध्ये आणि पुढे वाढवून 1784 मध्ये स्वतःच्या छापखान्यात छापली.

तुमच्या पाट्यांवरही तेच येऊ द्या: टेबल वडिलांनी कुणाकडून घेतलं, कुठल्या वाड्यातून किंवा चाळीतून आलं, बरण्या कशासाठी वापरात होत्या. माहिती असेल तेवढंच लिहा. ‘कुटुंबात असं सांगतात’ हे तीन शब्द लिहायला लाजू नका. जॉन डीचा तो आरसा मेक्सिकोतल्या काचदगडाचा (ऑब्सिडियनचा) असल्याचं 2021 मध्ये तपासणीतून पक्कं झालं. कहाणी आणि पुरावा वेगवेगळे नोंदवलेले असले, की नंतर येणाऱ्याला दोन्हींचा उपयोग होतो. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, चार ओळींच्या आत, मोठ्या अक्षरांत लिहा.

कायद्याचं थोडक्यात, पण गांभीर्यानं घ्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला पुरावस्तू म्हणून वेगळे नियम लागू होतात. तिचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, काही प्रकारांची नोंदणी लागते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी पाहुणा आरसा मागायला लागला, तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. पेटीत हस्तिदंताचं काही असेल, अगदी डबीच्या झाकणावरचं जडावकामसुद्धा, तर ते स्टॉलवर आणूच नका. हस्तिदंताच्या विक्रीवर आपल्याकडे बंदी आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न, स्टॉलवर ‘स्ट्रॉबेरी हिल’ असं लिहू का. दर्शनी पाटीवर नको, त्या घराचं बोधचिन्ह किंवा फोटोही नको. पण मागच्या भिंतीच्या खांबावर एक छोटी पाटी जरूर लावा: ही नक्षी मुंबईतल्या अमुक इमारतीवरून रेखाटली, आणि समाधीच्या दगडातून घराची भिंत करायची ही रीत होरेस वॉलपोलची. लोक त्या पाटीपाशी थांबतील आणि मग सीएसएमटीच्या खिडक्यांबद्दल तुमच्याशी बोलतील.

छपाईची ऑर्डर देण्याआधी त्या तीन फुटी तुकड्यापुढे ठेवलेल्या टेबलाचा फोटो इथे टाका, रंगीत आणि काळा-पांढरा दोन्ही. टेबलाची कड सुटतेय का ते पाहून सांगते.